साइडचा भात

माझ्या वाट्याला भात आला तो सगळ्यात सोपा म्हणून. कन्येनं शनिवारी रात्री कॉलेजातले सहा जण जेवायला बोलावले होते आणि बुधवारीच घरात कामांची वाटणी झाली. ती स्वतः पनीर स्टेक करणार, म्हणजे पनीरची भलीमोठी लादी तव्यावर भाजून तिच्यावर मिरीचा सॉस ओतायचा, शेजारी परतलेल्या भाज्या. बायको बँकेतून येताना केक आणणार, पहिला शनिवार असल्यामुळे बँक चालू. आई लसूण सोलून देणार आणि उरलेल्या वेळात बोलणार. "आणि बाबा, तू फक्त साइडचा राइस कर. हर्ब राइस. एकदम सिंपल असतो, पंधरा मिनिटांत होतो."

'फक्त' आणि 'पंधरा मिनिटांत' हे शब्द मी ऑफिसात रोज ऐकतो, ऐरोलीला, आणि तिथे असं बोलणाऱ्या माणसाकडे मी संशयानंच बघतो. घरात गाफील राहिलो.

आईनं हॉलमधून विचारलं, "साइडचा म्हणजे कुठला रे? डाव्या बाजूचा की उजव्या?"

तिची ही चेष्टा नव्हती. तिच्या हिशेबात पानाला डावी बाजू असते, तिथे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या, आमटी. आणि भात मधे, मूद पाडून, वर पिवळं वरण, त्यावर तुपाची धार, आणि ती धार पडेपर्यंत कोणी जेवायला सुरुवात करायची नाही. जेवण भातानं सुरू होतं आणि ताकभातानं संपतं, मधे बाकीचे येऊन जातात. अशा बाईला तुम्ही भात साइडला आहे म्हणून सांगणं म्हणजे नवऱ्यामुलालाच पंगतीत पाणी वाढायला लावणं. मी म्हटलं, "आई, त्यांच्याकडे पनीर मधे असतं." ती म्हणाली, "असू दे बापडं," आणि लसूण सोलायला लागली. तीन दिवस आधी.

आता आमच्या स्वयंपाकघराची परिस्थिती सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं माझ्या बावळटपणावर जाईल, आणि तो सगळाच काही माझा नाही. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आम्ही सध्या घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. अडीच वर्षं सांगितली आहेत, म्हणजे नक्की किती हे सोसायटीच्या ग्रुपवर कोणी विचारायचं नाही असं न बोलता ठरलंय. अर्धं सामान अजून खोक्यांत आहे, खोक्यांवर बायकोनं मार्करनं लिहिलंय: 'किचन', 'किचन इतर', 'किचन इतर २', 'किचन आई', आणि एकावर नुसतंच 'बघू'. गॅसची शेगडी दोन बर्नरची, ती शनिवारी कन्येच्या ताब्यात, एकावर पनीर, दुसऱ्यावर भाज्या आणि सॉस आळीपाळीनं. मला मिळाली घरमालकानं ठेवलेली इंडक्शन शेगडी. तिला मी त्या दिवसापर्यंत हातही लावला नव्हता, तिच्यावर वर्तमानपत्रं ठेवायचो.

सकाळी यादी घेऊन निघालो. पार्सली, थाइम, चाइव्ह्ज, डिल. वाचताना मला आपण परदेशी चाललोय असं वाटत होतं आणि पाऊस असा होता की खरंच विमानानं जायला हवं होतं. पातलीपाड्यापर्यंतचं अंतर म्हणाल तर काहीच नाही, पण मेट्रोचे खांब, खड्डे, त्यात साचलेलं पाणी आणि त्यातून लेन शोधणारे ट्रक, असं करत स्कूटरवरून सुपरमार्केटला पोचलो तोवर रेनकोटच्या आत मी बाहेरच्यापेक्षा जास्त भिजलो होतो. तिथे एका थंडगार फळीवर प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत पाला ठेवला होता. पार्सलीचा एकच डबा, तोही मान टाकलेला. थाइम नाही. चाइव्ह्ज कधी आलेच नाहीत म्हणे. डिल होतं. वीस ग्रॅम, पंच्याण्णव रुपये.

डबा हातात घेऊन बघितला. दोऱ्यासारखी बारीक हिरवी पानं. कुठेतरी बघितलेला चेहरा असावा तसं वाटलं. डब्याचं झाकण एका कोपऱ्यात नीट बसलं नव्हतं, तिथे नाक लावलं, आणि एकदम नौपाड्याच्या घरातला मंगळवार आला. सोमवार नाही, गुरुवार नाही, मंगळवारच, कारण आई मंगळवारी शेपू करायची.

डबा फळीवर परत ठेवून मी तिथेच फोन काढला. डिल म्हणजे शेपू. यात गुप्त असं काही नाही, सगळ्या जगाला माहीत आहे, मलाच वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. बाहेर आलो तर सिग्नलच्या अलीकडे निळ्या प्लास्टिकखाली भाजीवाली बसलेली, तिच्या टोपलीत शेपूच्या जुड्या उभ्या. "घ्या दादा, पहाटचाच हाय. वीस रुपये." तिच्या एका जुडीत सुपरमार्केटचे निदान दहा डबे निघाले असते, मुळं आणि माती वेगळी.

पण मी लगेच घेतली नाही, त्याला कारण आहे. आमच्या घरात एकोणीस वर्षं शेपूला बंदी आहे. बायकोनं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, अगदी गोड आवाजात, "आई, हे मात्र मला जमणार नाही" असं सांगितलं होतं आणि सासूसुनेत झालेल्या करारांपैकी एवढा एकच आजवर, एक घास सोडला तर, दोन्ही बाजूंनी पाळला गेलाय. कन्येचा शेपूशी संबंध एकदाच आला. चार वर्षांची असताना आजीनं भरवलेला एक घास गालात धरून ती पाऊण तास बसली होती. गिळेना, थुंकेना, रडेना, घटासारखी एका जागी. शेवटी आईनंच तोंडाखाली हात धरला. त्यानंतर घरात शेपू हा शब्दही निघत नाही.

आणि आता त्याच कन्येच्या हस्ताक्षरात यादीत लिहिलं होतं: 'डिल – भरपूर'.

मी जुडी घेतली. एक नाही, दोन. शिवाय पुदिना, पातीचा कांदा, आणि कोथिंबीर. पावसाळ्यात कोथिंबिरीचा भाव विचारला की भाजीवाली आधी आपल्याकडे बघते, मग जुडीकडे बघते आणि मग आकडा सांगते, तो ऐकून आपण जुडी अलगद खाली ठेवतो, बाळ ठेवावं तशी. कोथिंबीर ही भाजीवर फुकट मिळायची वस्तू आहे असं ज्यांच्या मनावर लहानपणापासून बिंबलंय त्यांना तिचे साठ रुपये देताना काय होतं ते त्यांनाच ठाऊक. दिले. शेपू सगळ्यात खाली, वर बाकीचा पाला, अशी पिशवी भरून घरी आलो.

दुपारी तीनला पहिला भात. रंगीत तालीम म्हणा.

रेसिपीत बासमती लिहिला होता, पण तांदूळ तो तांदूळ अशी माझी समजूत. आमच्याकडे तांदळाचे दोन डबे, एक वाडा कोलमचा आणि एक इंद्रायणीचा. कोलमवर आईची फार भक्ती. "आपल्या ठाण्याचा तांदूळ," असं ती अजून म्हणते. वाडा तालुका पालघर जिल्ह्यात गेला त्याला काळ लोटला, १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा वेगळा झाला, आईच्या डब्यात झालेला नाही. तर घर हलवताना दोन्ही डब्यांवरच्या चिठ्ठ्या पडल्या होत्या, आणि मी कोलम समजून जो घेतला तो निघाला इंद्रायणी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इंद्रायणी चिकटच व्हायचा, तीच त्याची ख्याती, गरम गरम मऊ भात, वर मेतकूट आणि तूप, तिथे त्याला तोड नाही. स्टार्चमध्ये दोन प्रकार असतात, अमायलोज जास्त असेल तर शीत मोकळं राहतं, कमी असेल तर भात एकमेकांच्या गळ्यात पडतो. इंद्रायणी गळ्यात पडणाऱ्यांतला. हे मी नंतर वाचलं.

कुकरात तांदूळ, पाणी, आणि चिरलेली कोथिंबीर, पुदिना सगळं एकदमच टाकलं, म्हटलं उगाच दोनदा कशाला. शेपूला अजून हात लावला नव्हता, धीर होत नव्हता. थाइम नव्हतं म्हणून ड्रॉवर उघडला. आता तुमच्याही घरी असा एक ड्रॉवर असणार, पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगानोच्या पुड्या ज्यात साठतात, ज्या टाकवत नाहीत आणि वापरल्या जात नाहीत. आमच्या पुड्यांनी नौपाड्याहून आमच्याबरोबर स्थलांतर केलंय. त्यातल्या नऊ फोडल्या. मग आई म्हणाली की भाताच्या पाण्यात लिंबू पिळ, शीत पांढरं आणि सुटं होतं, तर एक अख्खं लिंबू पिळलं. तीन शिट्ट्या.

झाकण काढलं. आत खाकी होतं.

हिरवं नाही, पिवळं नाही, हवालदाराच्या गणवेशाचा असतो तो रंग, आणि त्याचा एकच गोळा, कुकरच्या भांड्याच्या आकाराचा. मी भांडं उपडं केलं तर तो किल्ल्याच्या बुरुजासारखा ताटात उभा राहिला. कन्या आली, बघून म्हणाली "बाबा, हे काय आहे," आणि उत्तराची वाट न बघता गेली. आईनं वास घेतला आणि विचारलं, "ओवा घातलास?"

"ओवा नाही, ओरेगानो."

"ओवाच आहे."

भांडण नको म्हणून वाचायला बसलो, तर म्हातारी बरोबर. ओव्याचा जो वास असतो तो थायमॉलचा, थाइमलाही वास त्याच थायमॉलचा, ओरेगानोत त्याचंच भावंड कार्व्हाक्रॉल. म्हणजे मी ज्या थाइमसाठी सुपरमार्केटात चौकशी केली ते वासापुरतं आमच्या मिसळणाच्या डब्यात होतं, आणि नुसतं डब्यातच नाही, खिडकीतल्या कुंडीतही. आईनं नौपाड्याहून ओव्याच्या पानांची कुंडी मांडीवर घेऊन आणली होती, टेम्पोत ठेवू दिली नव्हती. तिच्या पानांची पावसात भजी होतात, एवढंच मला माहीत.

खाकीचाही उलगडा झाला. हिरव्या पानातल्या क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. उष्णता आणि आंबट हे दोघं मिळून त्याला उठवतात, त्याच्या जागी हायड्रोजन बसतो, आणि मग जे उरतं त्याला फिओफायटिन म्हणतात, त्याचा रंग खाकी. म्हणजे आईनं लिंबू सांगितलं ते बरोबर, कोथिंबीर घातली तेही बरोबर, पण दोघांना एकाच कुकरात कोंडलं हे चुकलं. शितं तर पांढरी व्हायचीच राहिली.

दुसऱ्या भातासाठी खालच्या दुकानातून एक किलो बासमती आणला. आणि इथून पुढे पातेल्याचं प्रकरण सुरू होतं.

कन्येचं म्हणणं, कुकर नको, जाड बुडाचं पातेलं हवं. आईचं जाड पातेलं आहे, त्यात आमच्या घरचे सगळे मसालेभात झालेत, पण कुठल्या खोक्यात? 'किचन' उघडला, त्यात माझ्या लग्नातले अठरा पेले. 'किचन इतर' मध्ये दिवाळीचे आकाशकंदील. 'किचन इतर २' मध्ये सोऱ्या, पुरणयंत्र आणि एक फोन चार्जर जो आम्ही गेले आठ महिने शोधत होतो. 'किचन आई' मध्ये देव. पातेलं 'बघू' मध्ये निघालं, सव्वा तासानं. घासलं, पुसलं, इंडक्शनवर ठेवलं, बटण दाबलं. शेगडी टीं टीं टीं करून बंद.

परत दाबलं. टीं टीं टीं.

पातेलं हिंडालियमचं. इंडक्शनला असं भांडं दिसतच नाही. ती शेगडी स्वतः तापत नाही, खालून चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि त्यानं भांड्याचंच बूड तापतं, त्यासाठी बुडाला चुंबक चिकटायला हवा. कन्येनं हे मला मिरी कुटता कुटता, वर न बघता सांगितलं. मग मी फ्रिजवरचा अष्टविनायकाचा मॅग्नेट काढला आणि घरातल्या एकेका भांड्याच्या बुडाला लावत फिरलो. पितळेचं पातेलं, नाही. कल्हईचा टोप, नाही. डब्यातला स्टीलचा तांब्या, तिथेही गणपती घसरले. आई हात जोडून बघत होती, तिला वाटलं मी काहीतरी चांगलं करतोय. शेवटी एका पातळ स्टीलच्या गंजाला गणपती चिकटले. म्हटलं हाच कौल.

त्यात तूप, लसूण, बासमती परतला. रेसिपीत एक कप तांदळाला पावणेदोन कप पाणी. तांदूळ मी राइस कुकरबरोबर आलेल्या मापानं घेतला, आणि पाणी कन्येच्या मोजायच्या कपानं, कारण दोन्हीवर कपच लिहिलंय. एक १८० मिलिलिटरचा, दुसरा २४० चा. म्हणजे पाणी जास्त. ते उकळताना बघून मलाही शंका आली, म्हणून मी अंदाजानं थोडं ओतून दिलं, म्हणजे पाणी कमी. मग फोन आला, बायको विचारत होती केकवर नाव काय टाकायचं, आणि आज कोणाचाच वाढदिवस नाहीये हे आम्हाला आठवेपर्यंत खालून करपल्याचा वास आला.

वर कच्चट, मधे बरा, खाली काळा. एकाच गंजात भाताच्या तिन्ही अवस्था.

आता डिल हा विषय डोक्यात होताच, म्हणून तळ खरवडता खरवडता मी एकीकडे वाचत होतो. इराणात नवरोजला माशाबरोबर हिरवा भात करतात, सब्जी पोलो, त्यात कोथिंबीर, पार्सली आणि शेपू, भरपूर शेपू, कोणी गालात धरून बसत नाही. आणि त्यांच्याकडे तळाचा कडक झालेला थर मुद्दाम करतात, पाहुण्यांना आग्रहानं वाढतात, त्याला ताहदीग म्हणतात. तह म्हणजे तळ आणि दीग म्हणजे भांडं, आपण डेगची म्हणतो त्याच घरातला शब्द. मला एकदम उभारी आली. मी गंज उचलून कन्येला दाखवला, "हे बघ, ताहदीग."

आईनं चष्मा वर केला. "खरवड म्हण की. आणि खरवड लाल असते रे. हा कोळसा आहे."

साडेसहा वाजले होते. मी दोन भात केले होते आणि एकही भात नव्हता. अर्धा किलो बासमती उरला होता. तेव्हा आई उठली. तिनं कंबरेला पदर खोचला नाही वगैरे, गुडघेदुखीमुळे ती एक हात ओट्यावर ठेवूनच उभी राहते, पण उठली. कन्येला म्हणाली, "बाळा, तुझी एक शेगडी दे," आणि गंमत म्हणजे मी दुपारपासून जे मागत होतो ते हिला एका वाक्यात मिळालं.

तांदूळ आधी तीन पाण्यांनी धुतला, चौथं पाणी स्वच्छ निघेपर्यंत, मग भिजत ठेवला. मी म्हटलं किती वेळ. म्हणाली, "तू पाला निवडेपर्यंत." हे माप मला समजलं. पाला निवडायला मला पस्तीस मिनिटं लागली, कोथिंबिरीची पिवळी पानं काढायची, पुदिन्याच्या काड्या, पातीच्या कांद्याची हिरवी पात बारीक, ओव्याची दोनच पानं, आणि पिशवीच्या तळातून शेपू. तो बाहेर काढताना मी कन्येकडे पाठ केली. नुसता कोवळा शेंडा खुडायचा, देठ जाड असतात. पाण्यातून काढला की तो गळून एवढासा होतो, ओल्या मांजरासारखा, आणि कोरड्या फडक्यावर पसरला की दहा मिनिटांत परत फुलतो. चिरताना वास उठला. आईनं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "कोणती भाजी रे ही?" मी म्हटलं, "डिल." ती म्हणाली, "अस्सं. छान वास आहे," आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. एकोणीस वर्षं कशी काढली असतील तिनं, ते मला तेव्हा कळलं.

भात तिनं वेळून केला. हिंडालियमच्याच पातेल्यात भरपूर पाण्याचं आधण, त्यात मीठ, पाणी खळखळलं की तांदूळ वैरायचा, आणि उभं राहायचं. कप नाही, माप नाही, पाण्याचं प्रमाण हा प्रश्नच नाही, कारण उरलेलं ओतूनच द्यायचंय. मधेच एक शीत काढून बोटांत दाबलं, मला दाखवलं. बाहेरून मऊ आणि मधे बारीकसा पांढरा ठिपका. "एवढी कणी राहिली की उतरायचा, राहिलेला वाफेवर होतो." चाळणीत ओतला, वाफेनं तिचा चष्मा पांढरा झाला, आणि खालच्या पातेल्यात जमली ती पेज तिनं मीठ आणि तूप घालून वाटीत घेतली आणि प्यायली, उभ्या उभ्या, स्वतःसाठी. मला विचारलंही नाही.

मग रिकाम्या पातेल्यात बटर, बारीक चिरलेला लसूण, तो लाल व्हायच्या आत भात, मंद आच, झाकणाखाली कोरडं फडकं, पाच मिनिटं. गॅस बंद. आणि तेव्हा, गॅस बंद झाल्यावर, मी पाला घातला. लिंबू पिळलं नाही, फोडी करून ताटलीत ठेवल्या, ज्याचं त्यानं पिळावं, खाकी होईल तो त्याच्या ताटात. दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही असं मी जाहीर केलं आणि त्या दहा मिनिटांत सगळ्यात जास्त वेळा मीच हात पुढे केला. रेसिपीत पुढे काट्यानं भात मोकळा करा असं होतं. काटे बहुतेक 'किचन इतर ३' मध्ये असावेत, तसा खोका आम्हाला अजून सापडलेला नाही. उलथन्याच्या दांड्यानं केला.

हिरवा होता. खरंच हिरवा, पांढऱ्या लांब शितांमधे हिरवे ठिपके, आणि शीत न् शीत सुटं.

बायको पावणेआठला आली. केक खाली ठेवला, चप्पल काढली आणि नाक वर करून थांबली. "शे..." एवढंच म्हणाली. मी तोंडावर बोट ठेवलं. तिनं एकदा माझ्याकडे, एकदा सासूकडे, एकदा पातेल्याकडे बघितलं. "मी आज दूध-पोळी खाणार आहे," म्हणाली आणि आत गेली. मोठ्या मनाची बाई आहे.

मुलं आठला येणार होती ती पावणेनऊला आली, त्यातली चाळीस मिनिटं ती सगळी माजिवड्याला होती. जेवायला बसली. पनीर मधे, भात साइडला, कोणत्या साइडला ते आई दारातून बघत होती. एका मुलीनं कोथिंबिरीची पानं एकेक करून ताटाच्या कडेला लावायला घेतली, म्हणाली, "सॉरी अंकल, मला कोरिएंडर साबणासारखं लागतं." हे खरं असतं, वासाच्या एका जनुकात फरक असला की कोथिंबिरीतली अल्डिहाइडं काहींना साबणासारखी लागतात. आईनं मात्र मला आत बोलावून हळूच विचारलं, "साबण कधी खाल्लाय पण तिनं?" दुसऱ्या एका मुलानं घास घेतला, डोळे मोठे केले. "डिल ना? वॉव." कन्या म्हणाली, "फ्रेश आहे. बाबानं शोधून आणलं." आणि स्वतः तिसऱ्यांदा घेतला. गालात धरला नाही, चावला, गिळला, परत घेतला. मी पाण्याचा जग घेऊन उभा होतो, तो तसाच धरून राहिलो.

भात संपला. पनीरचे दोन तुकडे उरले.

सगळे गेल्यावर साडेअकराला कन्या सोफ्यावर पाय वर घेऊन उरलेलं कोल्ड्रिंक पीत होती. मी भांडी लावत होतो. दुपारचा खाकी बुरुज अजून फ्रिजमध्ये होता, त्याचं काय करायचं याचा विचार चालला होता, तेवढ्यात हॉलमधून एक ढेकर ऐकू आली. लहानशी.

मग शांतता.

ज्यांनी शेपू खाल्लाय त्यांना माहीत आहे. खाताना एक वेळ फसवता येतं, पुदिना घाला, लसूण घाला, इंग्रजी नाव ठेवा, पण नंतर तो येऊन आपलं खरं नाव सांगतोच, आणि एकदा सांगून थांबत नाही.

"बाबा."

"काय गं?"

"ते डिल..."

मी पातेलं पुसत राहिलो. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, झोपेतला नव्हता, चांगला टक्क जागा होता. "एक जुडी उरलीये गं तुझ्या डिलची, पेपरात गुंडाळून ठेवलीये. उद्या मुगाची डाळ घालून करते."